राजाचा न्याय कोण करणार? न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांची जीवनकथा



नगर-मनमाड रस्त्याने जाताना गोदावरी ओलांडण्याआधी कोपरगाव लागते. आपल्यापैकी पुष्कळ जण तेथे बाजारासाठी, कारखान्याच्या कामासाठी, नाहीतर कोर्टाच्या तारखेसाठी जाऊन आले असतील. याच गावी रघुनाथराव पेशवे ऊर्फ राघोबादादा यांनी आयुष्याचे अखेरचे दिवस काढले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी येथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाचा वाडा कोपरगावात आजही दाखवतात. हा वाडा पाहणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्यात राहणाऱ्या माणसाला एका न्यायाधीशाने दहा वर्षांपूर्वी खुनाचा दोषी ठरवले होते. तो दोषी ठरला तेव्हा पेशवाईची सारी सत्ता त्याच्याच हातात होती आणि तो न्यायाधीश त्याच्याच दरबारातला पगारी नोकर होता.

त्या न्यायाधीशाचे नाव रामशास्त्री प्रभुणे. शाळेच्या पुस्तकातून हे नाव आपल्याला ठाऊक असते. एक करारी शास्त्री, समोर घाबरलेला राघोबा, आणि देहान्त प्रायश्चित्ताची शिक्षा, असे एक चित्र मनात असते. ते खोटे नाही, पण तेवढ्यावर थांबले तर खरा प्रश्न बाजूला राहतो. जो स्वतःच कायदा चालवतो त्याच्यावर कायदा चालवता येतो का? आणि चालवला तरी शिक्षा अमलात कोण आणणार?

माहुलीचा मुलगा

रामशास्त्रींचा जन्म साताऱ्याजवळच्या माहुली या गावी, इ.स. १७२४ च्या सुमारास झाला. कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा तेथे संगम आहे. गंमत अशी की राघोबादादांचा जन्मही याच माहुलीत, १८ ऑगस्ट १७३४ रोजी झाला. एकाच संगमाच्या काठी जन्मलेली ही दोन माणसे पुढे पुण्याच्या शनिवारवाड्यात एकमेकांसमोर उभी राहणार होती.

रामशास्त्रींचे बालपण हलाखीत गेले. वडील लवकर वारले. साताऱ्याच्या एका सावकाराच्या घरी हा मुलगा पडेल ते काम करू लागला. परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट अशी आहे. एके दिवशी सावकाराच्या हातावर पाणी घालताना मुलाचे लक्ष त्याच्या कानातल्या मोत्यांच्या भिकबाळीकडे गेले आणि पाणी भलतीकडेच सांडले. सावकाराने त्याला टोमणा मारला की असली मोती घालायची तर विद्या नाहीतर पराक्रम लागतो, नुसते पाहून काय होणार. मुलाने तो शब्द मनाला लावून घेतला आणि काशीची वाट धरली. गोष्टीचा तपशील कमीजास्त असेल, पण उशिरा शिकायला लागलेल्या त्या तरुणाने काशीत अनेक वर्षे धर्मशास्त्राचा अभ्यास केला आणि पंडित होऊन तो परत आला, यात शंका नाही.

इ.स. १७५१ च्या सुमारास ते पेशव्यांच्या पदरी आले. १७५९ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्यांना पुण्याच्या मुख्य न्यायाधीशाचे पद मिळाले. दोनच वर्षांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतचा घात झाला. त्याच वर्षी जून महिन्यात नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले. रामशास्त्रींच्या नावाला जे तेज आले ते या माधवरावांच्या कारकिर्दीत.

न्यायाची रीत

त्या काळी न्याय कसा होत असे, हे थोडे समजून घेऊ. गावातला तंटा आधी पाटील मिटवी. तेथे न मिटला तर पंचायत बसे. त्याच्यावर मामलेदार आणि सरतेशेवटी पुणे. वादी आणि प्रतिवादी आपापली तक्रीर, म्हणजे जबानी, लिहून देत. साक्षीदार तपासले जात, जुने कागद पाहिले जात. निकाल लागण्याआधी दोन्ही पक्षांकडून एक राजीनामा घेतला जाई. आज राजीनामा म्हटले की नोकरी सोडण्याचा कागद डोळ्यांपुढे येतो. त्या काळी त्याचा अर्थ होता, जो निकाल लागेल तो मी राजीखुशीने मानीन अशी लेखी कबुली. मग निवाडपत्र होई. ते कोणी मानले नाही तर सरकारचे शिपाई त्याला ते मानायला लावत.

या रचनेत सगळ्यांच्या वर सरकार होते. सरकार म्हणजे पेशवा. पेशवा हा नावाने साताऱ्याच्या छत्रपतींचा प्रधान होता आणि पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याहूनच येत. पण माधवरावांच्या काळापर्यंत प्रत्यक्ष राज्यकारभार पुण्यातूनच चालत होता. म्हणून पेशव्याविरुद्ध फिर्याद करायची झाली तर ती कोणाकडे, हा प्रश्न त्या रचनेत कोणी विचारलाच नव्हता. पेशव्याकडून राजीनामा कोण घेणार आणि त्याने निवाडा मोडला तर शिपाई कोणाचे पाठवणार?

धन्याचे कान उघडणारा नोकर

रामशास्त्री कसे राहत हे सांगणाऱ्या अनेक कथा आहेत. त्यांच्या घरात एका दिवसाच्या शिध्यापेक्षा अधिक साठा नसे, असे जुन्या इतिहासकारांनी नोंदवले आहे. त्यांची पत्नी एकदा वाड्यावर गेली असता पेशव्यांच्या घरच्या स्त्रियांनी तिला दागिन्यांनी मढवून पालखीतून घरी पाठवले. शास्त्रीबुवांनी दारातच सांगितले की ही बाई चुकून दुसऱ्याच्या घरी आली आहे, आमच्या घरात असे दागिने नाहीत. बिचारी परत गेली, आपल्या साध्या लुगड्यात पायी आली, तेव्हा दार उघडले. आजच्या घरात कोणी असे वागले तर त्या बाईची बाजू आपण घेऊ, आणि ते बरोबरच होईल. पण शास्त्रींची भीती ओळखावी. ज्याच्या घरात धन्याचे सोने येते, त्याला धन्याचा न्याय करता येत नाही.

दुसरी कथा माधवरावांची. तरुण पेशव्याला जपजाप्याचा नाद लागला होता. एकदा शास्त्री कामासाठी गेले तर पेशवे ध्यानाला बसलेले. कामाची माणसे ताटकळत उभी. शास्त्री परत फिरले आणि दुसऱ्या दिवशी काशीला जाण्याची परवानगी मागायला आले. माधवरावांनी कारण विचारले. शास्त्रींनी सांगितले की ब्राह्मणाने राज्य हाती घेतले तर प्रजेचे काम हीच त्याची पूजा. ते काम होत नसेल तर राज्य सोडावे आणि दोघांनीही गंगेकाठी जाऊन बसावे. माधवरावांनी चूक मान्य केली आणि त्या दिवसापासून राज्यकारभाराच्या वेळी जप बंद केला. भक्तीच्या आड लपून कर्तव्य टाळता येत नाही, हे आम्हा धर्मगुरूंनीही ऐकून ठेवण्यासारखे आहे.

३० ऑगस्ट १७७३

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवराव क्षयाने वारले. वय अवघे सत्तावीस. त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. काका राघोबादादा हे मोठे योद्धे होते. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या त्या मोहिमेचे ते सेनापती. पण पेशवेपदाची आस त्यांना सोडत नव्हती. नारायणरावांनी त्यांना शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवले होते.

वाड्याच्या पहाऱ्यावर गारदी नावाचे भाडोत्री शिपाई होते. त्यांचा पगार थकला होता आणि त्यांची नाराजी राघोबांच्या माणसांनी हेरली. पुतण्याला धरण्याचा कट ठरला. गणेशोत्सवाच्या दिवसांत, ३० ऑगस्ट १७७३ रोजी दुपारी, सुमेरसिंग आणि त्याचे साथीदार वाड्यात घुसले. अठरा वर्षांचा नारायणराव जीव मुठीत घेऊन काकाच्या महालात धावला आणि त्याने काकाच्या कमरेला मिठी मारली. राघोबांचा नोकर तुळाजी पवार याने त्याला ओढून बाजूला केले. चापाजी टिळेकर हा इमानी सेवक धन्याच्या अंगावर पडला, तोही त्याच्याबरोबर मारला गेला. वाड्यातली आणखी काही माणसे त्या दंगलीत मेली.

या प्रसंगाला जोडून एक कथा घरोघर सांगितली जाते. राघोबांच्या पत्रात नारायणरावाला धरावे असे होते, आणि आनंदीबाईंनी ध खोडून तेथे मा केला, म्हणून धरावेचे मारावे झाले. या गोष्टीला भक्कम आधार मिळालेला नाही. मराठी माणसाला ती आवडते, कारण तिच्यात सारे पाप एका बाईच्या लेखणीवर जाते आणि शूर काका अर्धा सुटतो. आदामाने हव्वेकडे बोट दाखवले तेव्हापासून पुरुष हेच करत आला आहे.

खुनानंतर राघोबादादा पेशवे झाले. पुण्यात कुजबुज होती, पण मोठ्याने बोलणारा कोणी नव्हता. सरदार गप्प, कारभारी सावध. ज्याच्याविरुद्ध संशय तोच मालक.

चौकशी आणि निवाडा

कोणी फिर्याद दिली नसताना रामशास्त्रींनी चौकशी सुरू केली. सुमारे सहा आठवडे ती चालली. त्यांनी माणसे तपासली, धागे जुळवले आणि ते नव्या पेशव्यासमोर जाऊन उभे राहिले. राघोबांनी सांगितले की आपण पुतण्याला धरण्याची आज्ञा दिली होती, मारण्याची नाही. मग त्यांनीच विचारले की या पापाला प्रायश्चित्त काय. शास्त्रींनी उत्तर दिले की स्वतःचा देह देण्याखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही. जोवर हा कारभार तुमच्या हाती आहे तोवर मी येथे नोकरी करणार नाही आणि पुण्यात पाऊल टाकणार नाही, असेही ते म्हणाले. मग ते खरोखरच शहर सोडून वाईजवळच्या एका खेड्यात राहायला गेले.

या प्रसंगाचे संवाद नाटककारांनी आणि कथाकारांनी नंतर पुष्कळ रंगवले. त्यांचा थाट बाजूला ठेवला तरी दोन गोष्टी उरतात. न्यायाधीशाने राज्यकर्त्याला खुनाचा दोषी ठरवले, आणि राज्यकर्त्याला ती शिक्षा कोणी दिली नाही.

आता जरा विचार करू. रामशास्त्रींनी दिली ती शिक्षा होती की प्रायश्चित्त? धर्मशास्त्रात हे दोन वेगळे आहेत. दंड राजा देतो, बाहेरून, बळाने. प्रायश्चित्त पापी माणूस स्वतः घेतो. शास्त्री फक्त ते कोणते, एवढे सांगतो. मनुस्मृतीत असे आले आहे की ज्या गुन्ह्याला साध्या माणसाला एक नाणे दंड, त्याच गुन्ह्याला राजाला हजार नाणी. म्हणजे राजा कायद्याच्या बाहेर नाही हे तत्त्व शास्त्राला मान्य होते. पण ती हजार नाणी राजाकडून वसूल कोण करणार, याची सोय नव्हती. ती त्याने आपल्याच हाताने टाकायची.

विशेष म्हणजे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याच प्रश्नावर विचार केला होता. त्यांनी कायद्याच्या दोन शक्ती सांगितल्या. एक जबरीने वागायला लावणारी, दुसरी वाट दाखवणारी. राजावर पहिली चालत नाही, कारण त्याच्यावर निकाल बजावणारा त्याच्या राज्यात कोणी नसतो. पण दुसरीतून तो सुटत नाही. देवासमोर तोही कायद्याने बांधलेलाच असतो आणि त्याने तो स्वतःहून पाळायचा असतो. सेमिनरीत हे वाचताना कोणाला ती पळवाट वाटेल. रामशास्त्रींचे चरित्र पाहिले की त्या दुसऱ्या शक्तीचा अर्थ कळतो. बळाची शक्ती त्यांच्याजवळ नव्हती. वाट दाखवणारी होती. ती त्यांनी शेवटच्या टोकापर्यंत वापरली, आणि ती वापरण्याची किंमत म्हणून आपले पद सोडले.

पवित्र शास्त्रातला नाथान संदेष्टा आपल्याला आठवेल. उरीयाला रणांगणावर मारवून त्याची बायको घेणाऱ्या दावीद राजासमोर तो असाच रिकाम्या हाताने गेला. इ.स. ३९० मध्ये थेस्सलनीका शहरात हजारोंची कत्तल झाल्यावर मिलानचे बिशप संत आंब्रोज यांनी सम्राट थिओडोसियसला पश्चात्ताप केल्याशिवाय पवित्र भोजनात सहभागी होऊ देणार नाही असे कळवले. दावीद रडला. थिओडोसियसने सर्वांसमोर प्रायश्चित्त घेतले. राघोबांनी घेतले नाही. वाट दाखवणाऱ्या शक्तीची मर्यादा हीच आहे. समोरच्याच्या मनात काही जागे झाले तरच ती काम करते.

मग त्या निवाड्याचा उपयोग काय?

हा प्रश्न खरा आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर देऊ नये. पुढे काय झाले ते पाहू.

नारायणरावांची विधवा गंगाबाई गरोदर होती. सखारामबापू, नाना फडणीस आणि इतर कारभाऱ्यांनी एकत्र येऊन राघोबांविरुद्ध फळी उभारली. तिला बारभाईंचे कारस्थान म्हणतात. गंगाबाईला पुरंदर किल्ल्यावर नेले. १८ एप्रिल १७७४ रोजी तिला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवेपदाची वस्त्रे मिळाली. राघोबांचे पेशवेपद वर्षभरही टिकले नाही. कारभाऱ्यांचे स्वतःचे हेतू होते, सारेच न्यायासाठी झुरत नव्हते. पण रामशास्त्रींचा निवाडा आधी झालेला होता, म्हणून राघोबांविरुद्ध उठणे हे नुसते बंड राहिले नाही. लोकांच्या मनात कोण खरा आणि कोण खोटा हे ठरून गेले होते.

राघोबा इंग्रजांकडे पळाले. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला, मराठे आणि इंग्रज यांचे पहिले युद्ध पेटले. ते सात वर्षे चालले. १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी राघोबांची बाजू सोडली आणि त्यांना दरमहा २५ हजार रुपयांचा तनखा ठरला. ते कोपरगावी राहायला आले आणि वर्षभरात वारले.

हिशेब मांडला तर तो अस्वस्थ करतो. खुनात हात असलेल्या गारद्यांपैकी काहींना पुढे पकडून देहान्त शासन झाले. ज्याच्यासाठी खून झाला तो तनखा खात गोदावरीकाठी अंथरुणावर मेला. लहानाला फास आणि मोठ्याला तनखा. हे दृश्य आपल्याला अनोळखी नाही.

रामशास्त्री मात्र खेड्यातच मेले असे नाही. राघोबांची सत्ता गेल्यावर बारभाईंनी त्यांना परत बोलावले आणि ते पुन्हा न्यायाधीश झाले. १७८९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते नाना फडणीसांच्या काळात काम करत होते. दक्षिणा वाटपाची एक कथा याच काळातली सांगतात. त्यांचा सख्खा भाऊ दक्षिणा घ्यायला आला. नानांनी शास्त्रींचा भाऊ म्हणून जास्त रक्कम द्यावी असे सुचवले. शास्त्रींनी सांगितले की तो विद्वान नाही, इतरांना मिळते तेवढेच सरकारातून द्यावे, भाऊ म्हणून द्यायचे ते मी माझ्या पदरचे देईन. पदत्याग करून मोठे झालेले नाव त्यांनी परत आल्यावर खर्च केले नाही, हे मला विशेष वाटते. एक दिवस शूर होणे जमते. त्यानंतर सोळा वर्षे साधे राहणे कठीण.

आपली बाजू

येथे एक गोष्ट न सांगता पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रामशास्त्री ज्या धर्मशास्त्राने न्याय करत, त्यात माणसाचे वजन त्याच्या जातीवरून ठरत असे. आपल्यापैकी बहुतेकांचे पणजे आणि खापरपणजे त्या काळी गावकुसाबाहेर राहत होते. त्यांना त्या न्यायासनासमोर ब्राह्मणाच्या बरोबरीने जागा मिळाली नसती. जो न्यायाधीश पेशव्याला वाकला नाही त्याचे पुस्तकच आपल्या माणसांना खाली बसवणारे होते. म्हणून रामशास्त्रींना देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. त्यांची एक गोष्ट मात्र घ्यावी. जे नियम त्यांनी खरे मानले ते त्यांनी वरच्या माणसालाही लावले.

नियमच सर्वांना सारखा करण्याचे काम पुढे व्हायचे होते. १८७५ मध्ये बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांच्यावर इंग्रज रेसिडेंट कर्नल फेर यांना सरबतातून विष देण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप आला. गादीवर असलेल्या मराठी राजाची सहा जणांच्या आयोगासमोर उघड चौकशी झाली. तीन इंग्रज सभासदांनी त्यांना दोषी मानले. ग्वाल्हेर व जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तीन हिंदी सभासदांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. मते समसमान झाली. तरीही सरकारने गैरकारभाराचे कारण देऊन मल्हाररावांना गादीवरून काढले आणि मद्रासला पाठवले. तेथे बळ होते, पण ते परक्या सत्तेचे होते. निकाल लागला नाही तरी शिक्षा झाली. पुण्यात निकाल लागला आणि शिक्षा झाली नाही. न्यायाला निवाडाही लागतो आणि तो बजावणारा हातही. दोन्ही एकत्र आले तरच तो पुरा होतो.

आज आपल्याकडे राजा नाही. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने ज्या घटनेचा मसुदा केला तिच्या चौदाव्या कलमाने कायद्यासमोर सर्वांना सारखे ठरवले. तरी जुन्या प्रश्नाचा एक तुकडा तीत आहेच. ३६१ व्या कलमानुसार राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्यावर ते पदावर असेपर्यंत फौजदारी खटला चालत नाही. राष्ट्रपतींनी घटनेचा भंग केला तर संसद महाभियोगाने त्यांना दूर करू शकते. हे संरक्षण पदाला आहे, माणसाला नाही. पद गेले की तेही गेले. पंतप्रधान, मुख्यमंत्री, आमदार यांना ते मुळीच नाही. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्द ठरवली. त्यानंतर आणीबाणी आली आणि पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवणारी घटनादुरुस्तीही आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक कायम ठेवली, पण ती पळवाट रद्द केली. सत्तेच्या मुख्य खुर्चीसमोर एकटे बसून निकाल वाचणारा माणूस दोनशे वर्षांनीही लागलाच.

आपल्यापैकी कोणी सरन्यायाधीश नाही. पण गावात ग्रामसभा असते, सोसायटीची वार्षिक सभा असते, शाळेची समिती असते, आणि आपल्या धर्मग्रामाचीही पॅरिश कौन्सिल असते. तेथे हिशेबात काही चुकले तर पहिला विचार मनात येतो की बोलून काय होणार, त्यांचे कोण वाकडे करणार. रामशास्त्रींनाही हे ठाऊक होते. राघोबांचे काही वाकडे होणार नाही हे त्यांना स्वच्छ दिसत असेल. तरी त्यांनी चौकशी पुरी केली. अफवेवर बोलले नाहीत, सहा आठवडे पुरावा गोळा केला. ज्याच्याविषयी बोलायचे त्याच्या पाठीमागे बोलले नाहीत, तोंडावर बोलले. आणि आपली नोकरी सांभाळून बोलले नाहीत.

या तिन्ही गोष्टी कठीण आहेत, आणि क्रमाने अधिकाधिक कठीण आहेत. आपण बहुतेक जण पहिलीच गाळतो. पुरावा नसताना पारावर बोलतो, आणि पुरावा असतो तेव्हा सभेत गप्प बसतो. गावातल्या मोठ्या माणसाविरुद्ध साक्ष द्यायची वेळ आली की आजारी पडतो. धर्मग्रामाचा फादर चुकत असेल तर त्याच्याविषयी फाटकाबाहेर बोलतो. तसे करू नये. आत यावे, बसावे, कागद दाखवावा आणि सांगावे. ऐकून घेणे हे फादरचे काम आहे.

कोपरगावच्या वाड्यात राघोबादादांना तनखा वेळेवर मिळत असे की नाही, यात आज कोणाला रस नाही. त्यांचे अटकेपर्यंतचे घोडेही लोकांना थोडेच आठवतात. पुतण्याचा खून मात्र प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे, आणि तो कोणी तोंडावर सांगितला हेही. या आठवड्यात घरी मुलांना ही गोष्ट सांगा. सांगून झाल्यावर त्यांना विचारा की शास्त्रीबुवांच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते. मुले उत्तर देतील. मग ती तुम्हालाही हाच प्रश्न विचारतील, तेव्हा घाई न करता उत्तर द्या.

आपला,
फादर